लहान तोंडी मोठा घास : लेक सेंट क्लेअर, सप्टेंबर आणि स्मॉलमाउथ बास

गळेकर
डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअर या तलावावर स्मॉलमाउथ बास या शिकारी माशाच्या मागे असणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणसं पुष्कळ, त्यांत गळ टाकणारेही आता बरेच झालेत. पण सगळी माहिती व्हॉट्सॅपवर येते आणि चार दिवसांत वाहून जाते. इथे एका जागी राहील.

मुद्दा असा. ऑगस्टअखेरपर्यंत सेंट क्लेअर शोअर्ससमोर १६-१७ फूट पाण्यात ड्रॉप शॉट (टोकाला शिसं, त्याच्या वर हुक) बोटीखाली सरळ सोडला की काम होत होतं. आता पाणी ७४ वरून ६७ फॅरनहाइटवर उतरलंय आणि जीपीएसवरच्या त्याच खुणांवर रॉक बास आणि बोटभर पर्च या किरकोळ माशांशिवाय काही नाही. सोनारवर तळ पाटासारखा सपाट दिसतो. बोट १८ फुटी ॲल्युमिनियमची, पुढे ट्रोलिंग मोटर, सोनार साधा.

१) तलाव उलटतो, ज्याला टर्नओव्हर म्हणतात, त्यामुळे मासे हलले का?
२) खडक नाही, उतार नाही, अशा तळावर मासा कशाच्या आधाराने शोधायचा?
३) या दिवसांत ट्यूब (मऊ, पोकळ रबरी आमिष), ड्रॉप शॉट की जर्कबेट (झटके देत ओढायचं माशाच्या आकाराचं कडक आमिष)?

खमंग_चिवडा
शीर्षकात 'बास' वाचून वाटलं कुणीतरी वैतागून धागा बंद करतंय. इथे तर कुणाला पुरेच होत नाहीये.

रेवातीर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : नाही. सेंट क्लेअर उलटत नाही, कारण उलटायला तिथे थरच नसतात.

खोल तलावात उन्हाळ्यात वर गरम पाणी तरंगतं, खाली थंड पाणी बसतं आणि दोन्ही मिसळत नाहीत. शरदात वरचं पाणी थंड आणि जड होत जातं. वरचं-खालचं तापमान जुळलं की वारा सगळा तलाव ढवळून काढतो, तो टर्नओव्हर. सेंट क्लेअरची सरासरी खोली ११ फूट आणि नैसर्गिक खोली जास्तीत जास्त २१ फूट. त्याहून खोल आहे तो फक्त जहाजांसाठी खणलेला मार्ग, २७ फुटांचा. एवढ्या उथळ पाण्याला वारा उन्हाळाभर तळापर्यंत घुसळत असतो. शिवाय वरून सेंट क्लेअर नदी ह्यूरन सरोवराचं पाणी ओतते, खालून डेट्रॉइट नदी ते एरी सरोवरात नेते. तलावातलं पाणी साधारण नऊ दिवसांत बदलून जातं. हा तलाव कमी आणि नदीचं फुगलेलं पोट जास्त.

मग मासे हलले का? दोन कारणं.

एक, गवत. सप्टेंबरात दिवस लहान होतात आणि पाणगवत वठायला लागतं. वाइल्ड सेलरीची लांब पट्ट्यांसारखी पानं सुटून वर तरंगतात, त्यांचे तांडे तुम्ही पाहिले असतीलच. ऑगस्टात हिरव्या असलेल्या पट्ट्याचा आता तपकिरी लगदा झालेला असतो. त्यातले लहान मासे आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातली छोटी शेवंडं) निघाले की बासही निघतो. तुमच्या जुन्या खुणा जागेवरच आहेत, फक्त तिथलं घर मोडलंय.

दोन, खाद्य. उन्हाळ्यात तळाला बसलेले गोबी नावाचे लहान मासे खाणारा बास आता एमरल्ड शायनर या चंदेरी लहान माशांच्या थव्यांमागेही फिरायला लागतो. थवा आज इथे, उद्या मैलभर पलीकडे.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : खोलीचा आधार सोडा. हिरवं गवत, त्यातले वाळूचे मोकळे तुकडे आणि स्वच्छ पाण्याची कड, या तीन गोष्टी शोधा. गळाला गवत आलं की चिडून फेकू नका, आधी बघा. हिरवं, कुरकुरीत असेल तर जागा राखून ठेवा. मऊ, तपकिरी, हातात चिकटणारं असेल तर बोट हलवा.

क्लीव्हलंडकर
रेवाताई, सेंट क्लेअरपुरतं मान्य. पण हे वाचून कुणी एरीवर लागू करू नये. एरीचा मधला भाग सरासरी ६० फूट, तिथे थर बनतात आणि मोडतातही. त्या काळात खालून वर आलेलं पाणी गढूळ असतं, त्याला वासही येतो आणि मासा चार-आठ दिवस विखुरतो. तिथे टर्नओव्हरला दोष दिला तर तो खोटा नाही.

आणि 'खोलीचा आधार सोडा' हेही अर्धंच पटलं. सेंट क्लेअरमध्येसुद्धा १२ फुटांवर गवत संपून १४ फुटांवर वाळू लागते, तिथे मासा रांगेत मिळतो. दोन फुटांचा फरक हाच तिथला डोंगर समजा.

रेवातीर
@क्लीव्हलंडकर, दोन फुटांचं मान्य, पण मासा तिथे असतो तो कडेमुळे. पुढच्या महिन्यात कड १० फुटांवर सरकली की तो १० फुटांवर असतो. आकडा पाठ केला की पुन्हा गळेकरांसारखं होतं.

एरीचा पश्चिम भाग सरासरी २४ फूटच आहे बरं का. तिथेही थर क्वचितच टिकतात.

शून्य_पकड
वाचनखूण साठवली. माझ्या आयडीवरून कारण कळेलच.

दादूस_बोटवाले
सपाट तळावर शोधायचं तर वाऱ्यावर बोट वाहू द्या. ड्रिफ्ट. सेंट क्लेअरची ही जुनी रीत, आणि एवढ्या मोठ्या मैदानावर याहून स्वस्तात जास्त तळ चाळता येत नाही. मात्र 'इंजिन बंद केलं आणि बसलो' याला ड्रिफ्ट म्हणत नाहीत.

वेग आधी बघा. जीपीएसवर ताशी अर्धा ते एक मैल हवा. सव्वा मैलाच्या वर गेलात की ट्यूब तळ सोडते, पतंगासारखी वर तरंगते आणि तुम्हाला वाटतं इथे मासेच नाहीत. वारा १० मैलांच्या वर असेल तर ड्रिफ्ट सॉक हवाच, म्हणजे पाण्यात उघडणारी कापडी पिशवी, तीच ब्रेकचं काम करते. १८ फुटी बोटीला ३० ते ३६ इंचांच्या दोन घ्या, एक पुढच्या खुंटीला, एक मागच्या. दोन्ही वाऱ्याकडच्या बाजूला. म्हणजे बोट आडवी राहून सरकते आणि सगळ्यांना मधल्या मोकळ्या जागेतून गळ टाकता येतो. एकच मोठी पिशवी मध्यावर बांधली की बोट गोल फिरते आणि दर दुसरी लाइन पिशवीत अडकते.

पिशवीच्या शेपटीला वेगळी बारीक दोरी बांधून ती बोटीत ठेवा. काढताना ती ओढली की पिशवी उलटी होऊन रिकामी येते. तोंडाकडून ओढलीत तर चाळीस लिटर पाणी उचलल्यासारखं वाटेल आणि कंबर जाईल.

गळ वाऱ्याकडच्या बाजूला टाका, म्हणजे बोट गळापासून दूर जाते आणि लाइन आपोआप ताणलेली राहते. वाऱ्याखालच्या बाजूला टाकलात तर बोट आपल्याच लाइनवर चढते.

पहिल्या फेऱ्या गवताच्या पट्ट्याला आडव्या घ्या. १८ फुटांतून सुरुवात, ९ फुटांपर्यंत. मासा लागला की तो वर यायची वाट न बघता त्याच क्षणी खूण टाका. तो बोटीत येईपर्यंत बोट शंभर फूट पुढे गेलेली असते. दोन-तीन खुणा एकाच खोलीवर पडल्या की ड्रिफ्ट बंद, आता त्या कडेने लांबीवर जा. तेव्हा ट्रोलिंग मोटर, स्पॉट लॉक (मोटरने बोट जीपीएसवर एका जागी धरणं), काय हवं ते वापरा.

सातारी_कंदी
दादूस, दोन फुटांच्या लाटेत पुढची मोटर हवेत घिरट्या घालते त्याचं काय करायचं?

दादूस_बोटवाले
१८ फुटी बोटीला ६० इंची शाफ्ट हवा. ४५ इंची असेल तर लाटेत पंखा उघडा पडणारच. तोवर जड सामान आणि जड पाहुणा दोन्ही पुढे बसवा. तरी उडत असेल तर स्पॉट लॉकचा नाद सोडा, नांगर टाका. नांगराची दोरी खोलीच्या किमान पाच ते सातपट सोडा. १५ फुटांवर २० फूट दोरी सोडून 'नांगर धरत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

कोकणी_खेकडा
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. ट्यूब. बाकी सगळं नंतर.

साडेतीन ते चार इंचांची, ग्रीन पम्पकिन किंवा करडी-जांभळी. आत जाणारं जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेला हुक, ३/० चा. शिसं पाव औंस, वारा असेल तर ३/८. जिगहेड ट्यूबच्या शेपटीकडून आत सारायचं, डोक्यापर्यंत न्यायचं आणि लाइन बांधायचं नाकच फक्त चामडीतून बाहेर काढायचं. हुक मध्यरेषेवर बाहेर आला पाहिजे. जरा वाकडा बसला की ट्यूब भिंगरीसारखी फिरते, लाइनला पीळ पडतो आणि तासाभरात रिळावर घरटं तयार. बोटीच्या कडेला पाण्यात ओढून बघा, मगच टाका.

ट्यूब उडवायची नाही, तळावरून ओढायची. गोबी मासा पोहायला आळशी असतो, त्याला हवेने फुगणारी पिशवीच नसते. तो तळाशी टणाटण थोड्या उड्या मारतो आणि बसतो. ट्यूब हुबेहूब तसं करते म्हणून चालते. हातात तळाचा खरखरीतपणा जाणवत राहिला पाहिजे. खरखर बंद झाली तर शिसं कमी पडतंय.

मासा लागल्याचा झटका नव्वद टक्के वेळा येत नाही. लाइनच्या टोकाला ओलं फडकं लटकल्यासारखं ओझं लागतं. गवतही तसंच लागतं, म्हणून नवखे वाट बघतात आणि मासा थुंकून मोकळा होतो. नियम सोपा : ओझं लागलं की रीळ दोन वळसे फिरवून ढिलाई काढा आणि रॉड आडवी, कमरेच्या पातळीवर ओढा. गवत असेल तर गवत येईल, त्यात नुकसान नाही. वर झटका देऊ नका, शिसं माशाच्या तोंडातून बाहेर उडतं.

ट्यूबचं डोकं फाटलं की फेकू नका, सुपरग्लूचा एक थेंब पुरतो.

रेवातीर
खेकडाशेठ, ट्यूब उत्तमच, पण 'बाकी सगळं नंतर' हे जुलैचं उत्तर आहे. सुटलेलं गवत वाहत असेल तेव्हा तळावर ओढलेली ट्यूब पाच फुटांत गवताची पेंढी होते. अशा वेळी तळाच्या फूटभर वर राहणारं आमिष लागतं, म्हणजे ड्रॉप शॉट.

गळेकरांचा ड्रॉप शॉट चुकला नव्हता, उभा धरला हे चुकलं. स्वच्छ १५ फूट पाण्यात बोटीखालचा मासा बोट बघतो. ५०-६० फूट लांब टाका आणि हळूहळू ओढत आणा. १ किंवा २ नंबरचा हुक, शिशापासून १२ ते १८ इंच वर. पालोमार गाठ मारा आणि उरलेलं टोक हुकच्या नाकातून वरून खाली काढा, म्हणजे हुकचं टोक वर राहून तो लाइनशी काटकोनात उभा राहतो. गाठ उलटी बसली की हुक लाइनला चिकटून लोंबतो. मासा चावतो, पण अडकत नाही. शिसं ३/८, वाऱ्यात अर्धा औंस. चिमटा असलेलं, बिनगाठीचं शिसं घ्या. अडकलं की फक्त शिसं सुटतं, बाकी वाचतं. ड्रॉप शॉटला झटका अजिबात नको, हुक बारीक असतो. रीळ फिरवत राहा, तो स्वतःच अडकतो.

क्लीव्हलंडकर
दोघंही तळाशीच अडकलात. रेवाताईंनीच वर लिहिलंय की मासा शायनरमागे लागतो. मग वर खाणाऱ्या माशाला तळाशी का शोधायचं?

ऊन, १० ते १५ मैलांचा वारा, फूट-दीड फुटाची लाट : जर्कबेट. ११० मिलिमीटरचं, पाण्यात स्थिर राहणारं. पाणी ६० च्या वर असेल तर दोन झटके, एक सेकंद थांबा, पुन्हा दोन. ५५ च्या खाली आलं की थांबा चार-पाच सेकंदांवर न्या. मासा थांबलेल्या क्षणी घेतो, म्हणून झटक्यानंतर लाइन थोडी ढिली सोडायची. ताणलेल्या लाइनवर आमिष पुढे सरकत राहतं आणि माशाचा विचार बदलतो.

लाट दोन फुटांची झाली तर जर्कबेट नीट चालत नाही. मग पाऊण औंसाचा पांढरा स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचं आमिष), लांबट विलो पात्यांचा, जोरात ओढा. गढूळपणा आला असेल तर पिवळा-पांढरा.

पुणे_तिथे_उणे
अज्ञानी प्रश्न. उजनीवर कणकेच्या गोळीत हिंग घालून रोहू धरतात. तिकडे चालेल का?

कोकणी_खेकडा
चालेल, पण येईल तो कार्प. तोही सेंट क्लेअरमध्ये भरपूर आहे, वीस पौंडांचा सहज. स्मॉलमाउथ पक्का मांसाहारी, श्रावणही पाळत नाही. नजरेने शिकार करतो, वासाचा नंबर दुसरा. हिंग आमटीत घाला.

मालवणी_मसाला
एवढा वेळ धीर धरला. आता विचारते. कालवण कसं होतं?

खमंग_चिवडा
मी हाच प्रतिसाद शोधत होते.

रेवातीर
मांस पांढरं, घट्ट, काटा कमी. तळून बरं, कालवणात फिकं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

मिशिगनमध्ये ठेवायचा मासा किमान १४ इंचांचा आणि रोज जास्तीत जास्त पाच. या थंड पाण्यात १४ इंच व्हायला चार-पाच वर्षं जातात, २० इंचांचा मासा दहाच्या आसपासचा असतो. म्हातारा, शिकारी मासा म्हणजे अंगात पाराही जास्त साठलेला. पाऱ्यामुळेच १९७० मध्ये या तलावातली मासेमारी बंद करावी लागली होती. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरी राज्याच्या आरोग्य खात्याची 'ईट सेफ फिश' पुस्तिका बघून किती वेळा खायचं ते ठरवा. गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी तर नक्कीच.

खायचंच असेल तर पर्च धरा. तोच तलाव, तेच दिवस, गोड मांस. आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवा, दोन-दोन मिनिटं दोन्ही बाजूंनी. मोठा स्मॉलमाउथ परत सोडा.

मालवणी_मसाला
पर्चची सालं काढायची की नुसते खवले?

रेवातीर
साल काढा. पर्चचे खवले घट्ट असतात, खरवडत बसलात तर स्वयंपाकघरभर उडतात. फिले काढून साल खाली ठेवा आणि सुरी आडवी सरकवा.

नागपुरी_तर्री
अरे पन त्या गळेकरचा प्रश्न राहिला ना भौ बाजूले, तुम्ही रव्यावर पोचले.

लाइनबद्दल कोनी बोललं नाही, म्हनून मी सांगतो. झेब्रा मसल. हा शिंपला उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९८८ साली, याच सेंट क्लेअरमध्ये. पानी गाळून गाळून काचेसारखं केलं त्यानं. त्याचा एक परिनाम, मासा लाइन बघतो. दुसरा, शिंपल्याची धार लाइन कापते.

म्हनून १० पौंडी ब्रेड, म्हनजे विनलेली लाइन, आनि पुढे ८ पौंडी फ्लुरोकार्बन, पान्यात कमी दिसनारी, ८ ते १० फूट. गाठ डबल युनी पुरते, एफजी गाठ जमली तर रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही. दर पाच-सहा माशांनंतर शेवटचे दोन फूट ओठांमधून ओढून बघा. बोटाले न लागनारी खरखर ओठाले लागते. लागली की कापा आनि पुन्हा बांधा. आळस केला की मोठाच मासा तोडतो, लहान कधीच तोडत नाही. हा नियम कोनी केला माहीत नाही, पन पक्का आहे.

रॉड सात फुटी, मीडियम, फास्ट टोकाची. रीळ २५०० किंवा ३०००. ड्रॅग, म्हनजे रिळाचा ब्रेक, आधीच सैल ठेवा, बोटीजवळ आला की हा मासा हमखास खाली बुडी मारतो.

सांजवेळ
बोट नसलेल्यांनी काय करायचं? नुसतं वाचायचं?

दादूस_बोटवाले
लेक सेंट क्लेअर मेट्रोपार्कच्या किनाऱ्यावरून टाका, किंवा बेल आइल बेटावरून डेट्रॉइट नदीत. नदीत प्रवाह आहे, म्हणून शिसं अर्ध्या औंसापासून सुरू करा. प्रवाहाच्या वर तिरकं टाका आणि वाहत येऊ द्या. सप्टेंबरपेक्षा ऑक्टोबर बरा, कारण शायनर तेव्हा नदीकडे आणि धक्क्यांकडे सरकतात.

कयाक असेल तर फक्त पश्चिमेचा हलका वारा बघून, किनाऱ्यालगत. पुढचा परिच्छेद मात्र नीट वाचा, बोटवाल्यांनीही.

पश्चिमेचा वारा फसवा. मिशिगनच्या किनाऱ्यावर पाणी आरशासारखं दिसतं, कारण वाऱ्याला लाट उठवायला अंतरच मिळालेलं नसतं. चार-पाच मैल आत गेलात की तीच लाट दोन-तीन फुटांची, आणि परतीचा रस्ता तिच्या तोंडावर. उथळ तलावाची लाट लांब नसते, आखूड आणि उभी असते, एकीतून नाक वर येतंय तोच दुसरी आत घुसते. निघण्याआधी ४५१४७ नंबरच्या बॉयचे, म्हणजे तलावात तरंगणाऱ्या मोजणी-यंत्राचे, आकडे बघा, तलावातली खरी लाट आणि पाण्याचं तापमान दोन्ही मिळतं. १८ फुटी बोटीला १५ मैलांच्या वर वारा असेल तर किनाऱ्याच्या आडोशालाच राहा. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. इंजिनची किल-स्विच दोरी (ओढली गेली की इंजिन बंद) मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. २६ फुटांखालच्या बोटींना २०२१ पासून ती कायद्यानेच लागते.

सातारी_कंदी
पश्चिमेच्या वाऱ्यावर ड्रिफ्ट करताना माणूस कॅनडात पोचतो, हेही लिहा. तलावाच्या मधून सरहद्द जाते आणि पाण्यावर काही रेघ आखलेली नाही. पलीकडे गळ पाण्यात असेल तर ऑन्टारियोचं लायसन्स हवं, त्यांची मर्यादाही वेगळी. जीपीएसवर सरहद्दीचा अलार्म लावून ठेवा. पिशवी टाकून गप्पांत रमणाऱ्यांसाठी खास.

शून्य_पकड
म्हणजे मासा मिळाला नाही तरी परदेशवारी पदरात. धागा उपयुक्त आहे.

गळेकर
सगळ्यांचे आभार. प्रश्न सुटत आलाय, पण आता नवा. शनिवारचा अंदाज असा : गुरुवार-शुक्रवार ईशान्येचा वारा २० मैलांचा, शनिवारी सकाळी पडून नैऋत्येचा ८ ते १०, ऊन, पाणी ६३ च्या आसपास. सुरुवात कुठून करू? आणि गाठीला काय बांधून निघू?

कोकणी_खेकडा
ट्यूब.

क्लीव्हलंडकर
जर्कबेट. खेकडाशेठ ऐकणार नाहीत, तुम्ही ऐका.

रेवातीर
आधी पाणी बघा, मग आमिष.

दोन दिवस ईशान्येचा वारा म्हणजे तलावभर धावून आलेली लाट थेट सेंट क्लेअर शोअर्सवर. नाइन माइल रोडपासून फोर्टीन माइल रोडपर्यंत किनाऱ्यालगतचं पाणी चहासारखं झालेलं असेल, क्लिंटन नदीच्या तोंडाशी तर जास्तच. तुमच्या जुन्या खुणा या चहातच आहेत. तिथे पहिले दोन तास घालवू नका.

गढूळ पाण्यातून पूर्वेकडे निघा, वेग कमी ठेवा आणि रंग बदलतो ती रेघ शोधा. तपकिरीतून हिरवट, हिरवटमधून निळसर. स्वच्छ बाजूला, रेघेपासून पन्नास-शंभर फुटांवर थांबा. शायनर गढुळाच्या आडोशाला राहतात आणि बास बाहेर वाट बघतो. कड मिळाली नाही तर उत्तरेच्या ॲंकर बे या खाडीकडे वर जा. तिथे नदीच्या मुखांतून ह्यूरनचं स्वच्छ पाणी येत असतं, म्हणून ते आधी निवळतं.

नुसती रंगीत काच नको, ध्रुवीकरण करणारा (पोलराइज्ड) तपकिरी चष्मा घाला. ८-१० फुटांवर वाळूचे फिके तुकडे नुसत्या डोळ्यांनी दिसतील.

वारा ८ ते १० असेल तर एकच पिशवी पुरेल, पुढच्या खुंटीला बांधा आणि मागचं टोक ट्रोलिंग मोटरने... चुकलं, मोटरही पुढेच आहे तुमची. मग पिशवी मागे बांधा आणि पुढची बाजू मोटरने सांभाळा.

रॉड तीन ठेवा, मिशिगनमध्ये माणशी तीन लाइन चालतात. एकीवर ट्यूब, एकीवर ड्रॉप शॉट, एकीवर जर्कबेट. शोधायला जर्कबेट टाका. मासा मागे आला पण घेतला नाही, तर त्याच जागी लगेच ट्यूब. हा मासा टोळीने फिरतो, एक लागला की त्याच्यामागे दोन-तीन असतातच. पहिला जाळ्यात येईपर्यंत दुसऱ्याने रिकामं बसू नये, त्याच्या बाजूला आमिष टाकावं.

दादूस_बोटवाले
पिशवी मागे बांधताना इंजिनच्या पंख्यापासून दूर. इंजिन सुरू करण्याआधी ती आत आली आहे का ते मोठ्याने विचारायचं आणि कुणीतरी मोठ्याने 'आली' म्हणायचं.

क्लीव्हलंडकर
पहिला मासा बोटीत आला की तोंडात बघा. घाईत खाल्लेलं घशातून वर आलेलं असतं. चंदेरी शेपटी दिसली तर शायनर, जर्कबेट ठेवा. करडं, ठिपक्यांचं दिसलं तर गोबी, मग खेकडाशेठ जिंकले. लालसर नांग्या दिसल्या तर क्रेफिश, ट्यूब तपकिरी-केशरी करा.

बघताना हात ओले करून धरा. तीन पौंडांच्या वरचा मासा नुसत्या जबड्याने आडवा धरू नका, दुसरा हात पोटाखाली. सेंट क्लेअरमध्ये खोली कमी म्हणून पोट फुगायची भानगड नाही. एरीत ३०-४० फुटांतून काढलेल्याला होते, तिथे फोटोसेशन आवरतं घ्या.

गळेकर
@क्लीव्हलंडकर, तोंडात गोबी सापडला तर तो परत पाण्यात टाकायचा का? आक्रमक प्रजाती म्हणतात.

क्लीव्हलंडकर
मेलेला असला तरी पाण्यात नको आणि आमिष म्हणून तर नकोच. पिशवीत घालून घरी कचऱ्यात.

सातारी_कंदी
त्याच हिशेबात हेही : बोट बाहेर काढली की धक्क्यावरच बुच काढा, लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) आणि तळातलं पाणी सांडा, ट्रेलरला अडकलेलं गवत काढा. मिशिगनमध्ये २०१९ पासून बुच काढल्याशिवाय बोट रस्त्यावर न्यायची नाही.

नागपुरी_तर्री
आनि दुसऱ्या दिवशी ते बुच परत लावा. हे कायद्यात नाही लिहेल, पन धक्क्यावर पहा दर रविवारी एकतरी बोट बसते.